‘सेट’चा खण

१

“आत्या, आमचा ‘सेट’ कुणीतरी कचऱ्यात टाकलाय, तू ताबडतोब ये,” असं भाच्याने फोनवर सांगितलं, तेव्हा आत्याच्या डोळ्यांसमोर आधी सोफा आला, मग टीव्ही, मग कपबशा. सोफा कचऱ्याच्या पिंपात मावायचा नाही आणि कपबशांसाठी एवढा गळा काढायचं कारण नाही. म्हणजे भानगड वेगळी दिसते, असं म्हणत ती चपला घालून निघाली. पोचल्यावर कळलं की कचऱ्यात गेला होता तो एक इंग्रजी शब्द.

भाचा प्रकाशक. इंग्रजी शब्दांचे अर्थ सांगणारा जाडजूड कोश तो खंडाखंडाने छापत होता. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत भिंतभर लाकडी खण होते. मोठ्या शब्दाला एक अख्खा लांबट खण, आणि खणात चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर एक अर्थ, खाली एक उदाहरण. सगळ्यात जड खण ‘सेट’चा. कारण हा शब्द इंग्रजीत लिहायला तीन अक्षरांचा नि अर्थाला हनुमानाच्या शेपटीएवढा. काल संध्याकाळी तो खण जागेवर होता. आज सकाळी तो मुख्य संपादकांना जिन्याखाली रिकामा सापडला, आणि त्यातल्या चिठ्ठ्या खाली अंगणातल्या पिंपात.

आत्या अन्न-निरीक्षक होती. उभी हयात तिने लोकांच्या स्वयंपाकघरांत नाक खुपसण्यात काढली होती: खवट तेलाचे डबे, अळ्या पडलेलं पीठ, धुतलंय म्हणून सांगितलेली भांडी. हॉटेलवाले तोंडावर ‘बाईसाहेब’ म्हणत आणि पाठीमागे ‘नाक’. ती निवृत्त झाली, नाक झालं नव्हतं. नात्यात कुणाचं काही हरवलं की पोलिसांच्या आधी आत्याला फोन जायचा. तिला किळस चटकन यायची, आणि राग त्याहून चटकन.

अंगणात दोन्ही एकदम आले. तळमजल्यावर खानावळ होती आणि तिचं सगळं उष्टं त्याच पिंपात पडत होतं. माशांची डोकी, अंड्यांची टरफलं, चहाचा चोथा, आंबलेला भात. त्या राडीत कोपरापर्यंत हात घालून मावशी, म्हणजे ऑफिसची झाडलोट करणारी बाई, एकेक चिकट चिठ्ठी वर काढत होती. तिच्या बाह्या ओल्या झाल्या होत्या आणि माश्या तिच्या तोंडावर बसत होत्या. बाजूला भाचा नाकाला हात लावून उभा.

“हातमोजे नाहीत?” आत्याने विचारलं.

“कशाला? तिनेच टाकलंय, तीच काढेल,” भाचा म्हणाला.

आत्याला पिंपाची किळस आलीच होती, आता भाच्याचीही आली.

“साहेब, मी नाही टाकलं,” मावशी मान वर न करता म्हणाली. हे ती सकाळपासून किती वेळा म्हणाली होती कुणास ठाऊक, त्या वाक्यात आता जीवच उरला नव्हता.

“मग खण तुझ्या झाडूंच्या मागे कसा गेला? जिन्याखाली? चालत गेला?”

पांढऱ्या केसांचे, नीटनेटक्या कपड्यांतले एक गृहस्थ पुढे झाले. हे कोशाचे मुख्य संपादक. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. “मालक, जाऊ द्या,” ते हळू आवाजात म्हणाले. “माझी विनंती आहे, तिला माफ करा. अडाणी बाई आहे. ‘सेट’ कुठला नि रद्दी कुठली, तिला काय कळणार?” मग त्यांनी आत्याचा चेहरा पाहिला आणि खिशातून घडीचा रुमाल काढून तिच्यापुढे धरला. “घ्या. वास सहन होत नाहीये तुम्हाला.”

आत्याने रुमाल नाकाला लावला. पेटीतल्या जुन्या कपड्यांना येतो तसा डांबरगोळ्यांचा वास होता त्याला. एरवी तिला तोही आवडला नसता, पण पिंपापुढे तो अत्तर वाटला.

“माफ कशाला करायचं, गुरुजी?” मावशी पिंपातूनच म्हणाली. “मी केलंच नाही तर?”

गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं नाही.

“हे बघ आत्या,” भाचा म्हणाला, “तिने रद्दी म्हणून टाकलं की विकायला नेताना घाबरून टाकलं, तेवढं फक्त शोधून दे. संध्याकाळपर्यंत तिने जिन्याखालची खोली रिकामी करायची, हे ठरलंय.”

मावशीचा हात थांबला. “नवरा गेल्यापासून मी इथंच राहतेय, साहेब. माझी गादी, माझी शेगडी, माझं सगळं सेट आहे इथं. मी जाऊ कुठं?”

भाच्याने पाठ फिरवली. वरच्या गॅलरीतून दोन डोकी खाली बघत होती, तीही आत गेली.

२

आत्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे पर्समधला साबण चाचपला. तो आहे म्हटल्यावर तिने पदर खोचला.

फरशीवर वर्तमानपत्र पसरून तिने मावशीने काढलेल्या चिठ्ठ्या एकेक करून मांडल्या. बोटांना बुळबुळीत लागत होतं, एका चिठ्ठीला माशाचं खवलं चिकटलं होतं, आणि दर थोड्या वेळाने तिला तोंड बाजूला करून श्वास घ्यावा लागत होता. पण तिची एक जुनी सवय होती. जिथे सगळे नाक मुरडून लांब उभे राहतात तिथेच वाकून बघायचं, कारण लपवणाऱ्यालाही ते माहीत असतं.

“उंदरांनीही हात मारलाय बघ,” भाचा लांबूनच म्हणाला. “कोपरे कुरतडलेत सगळे.”

खरंच, चिठ्ठीचा कोपरा गायब होता. पुढचीचाही. तिच्या पुढचीचाही.

आत्याने आयुष्यात उंदरांनी कुरतडलेली पोती, वड्या, पुठ्ठे आणि एकदा तर तिचाच अहवाल पाहिला होता. उंदीर हा मनस्वी प्राणी. तो इथे एक घास घेतो, तिथे दोन, मध्येच भोक पाडतो, आणि जाताना लेंड्या टाकून सही करून जातो. इथे एकही लेंडी नव्हती. भोक नव्हतं. आणि प्रत्येक चिठ्ठीचा एकच कोपरा गेला होता, वरचा उजवा.

“भाच्या,” ती म्हणाली, “तुझ्याकडचे उंदीर शाळेत जातात का रे?”

“म्हणजे?”

“इतक्या शिस्तीचा उंदीर मी जन्मात पाहिला नाही. सगळ्या चिठ्ठ्यांचा उजवा कोपरा खाल्लाय, आणि बाकी कागदाला दात लावलेला नाही.”

तिने एक चिठ्ठी उजेडात धरली. तुटलेली कड ओबडधोबड होती, कागदाचे तंतू ओढले गेले होते. दातच होते ते. फक्त उंदराचे नव्हते.

३

उपसंपादकाला ऑफिसात डॉक्टर म्हणत. भाषेतला डॉक्टर, तापाला उपयोग नाही. माणूस तरणा, इस्त्रीचा, आणि टेबलावर कात्री, पट्टी, पेन्सिली अशा मांडलेल्या की हात लावायला भीती वाटावी.

“तुम्ही खाली का आला नाहीत?” आत्याने विचारलं.

“त्या पिंपाजवळ?” डॉक्टरने अंग चोरलं. “मला उलटी झाली असती. गॅलरीतून बघितलं की लांबून.”

“आणि काल हा खण कुणाकडे होता?”

“माझ्याकडे. मालकांनी सांगितलं, एका शब्दाला इतकी पानं परवडत नाहीत, ‘सेट’ दोन पानांत बसवा. काल दिवसभर बसून निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या उडवल्या मी. संध्याकाळी खण जागेवर ठेवून घरी गेलो.”

“उडवल्या म्हणजे फेकल्या?”

“छे, फेकत नाही आम्ही. टाकाऊ चिठ्ठीचा वरचा उजवा कोपरा काढायचा आणि ती त्याच खणात मागे लावायची. उद्या कुणी विचारलं, हा अर्थ का घेतला नाही, तर दाखवता येते. जुनी पद्धत आहे इथली.” त्याने कात्री उचलून एक कोरा कागद कापून दाखवला. कड सुरीने कापल्यासारखी सरळ. “मी असा काढतो. स्वच्छ.”

“दुसरे कसा काढतात?”

डॉक्टरच्या चेहऱ्यावर पिंपाकडे बघतानाचा तोच भाव आला. “ते ज्याचं त्याने सांगावं. मी त्या चिठ्ठ्यांना हात लावल्यावर हात धुतो, एवढं सांगतो.”

“निम्म्या चिठ्ठ्या उडवल्यात, तर गुरुजी चिडले असतील.”

“गुरुजी? अहो, गरीब गाय आहे ती. काल चकार शब्द काढला नाही त्यांनी. माझ्यामागे उभे राहून फक्त बघत होते.”

पलीकडच्या टेबलावर टायपिस्ट होती. ती नखं कुरतडत बसली होती आणि आत्याला बघून हात खाली घेतला. चिठ्ठ्यांवरचा मजकूर कॉम्प्युटरवर चढवायचा, हे तिचं काम.

“‘सेट’ चढवला होता का तू?”

“कुठला? पुढच्या आठवड्यात चढवणार होते. मी फक्त अख्ख्या चिठ्ठ्या घेते. कोपरा गेला की ती चिठ्ठी मेली. कुणी काढला, कशाने काढला, मला काय त्याचं? मी वाचतसुद्धा नाही.”

“मग आता तुझं एक काम वाचलं.”

“वाचून काय उपयोग? मी चाललेच आहे. माझं दुसरीकडे सेट झालंय.” आणि मग, बोलायला नको होतं ते बोलल्यावर होतो तसा तिचा चेहरा झाला.

“दुसरीकडे कुठं?”

“आहे एक प्रकाशन.”

“तेही कोशच काढतंय?”

टायपिस्ट एकदम उठली. “हे बघा काकू, मी चोर नाहीये! खाली एक बाई सापडलीय ना तुम्हाला? मग मला कशाला छळता?”

खाली एक बाई सापडलीय. आत्याला ते वाक्य गिळता येईना. या खोलीतल्या सगळ्यांच्या दृष्टीने ती बाई म्हणजे एक सोय झाली होती, पायपुसण्यासारखी.

४

गुरुजींची खोली टोकाला. भिंतीला पुस्तकं, टेबलावर चिठ्ठ्यांची चळत आणि एक बशी. बशीत कागदाचे ओले, चघळलेले तुकडे होते.

“बसा,” गुरुजी म्हणाले. “विचारा काय ते.”

“हा ‘सेट’ म्हणजे नेमकं काय, तेच आधी सांगा. कशासाठी एवढा गोंधळ चाललाय, ते मला कळू दे.”

गुरुजींचा चेहरा उजळला. “काय आहे ते विचारू नका, काय नाही ते विचारा. सूर्य मावळतो तो सेट. सिमेंट घट्ट होतं ते सेट. मोडलेलं हाड बसवतात तेही सेट. जेवणाचं टेबल मांडा, सापळा लावा, गजर लावा, भाव ठरवा, केस बसवा, कुणापुढे उदाहरण घालून द्या, सगळीकडे हाच एक. नाटकाचा असतो, टेनिसचा असतो, दातांचासुद्धा असतो. आणि आपली माणसं तो उचलून आपल्या पद्धतीने वापरतात, त्याची तर गंमतच वेगळी. बोलणारा बोलून जातो. थांबून ऐकायचं काम मी करतो. या एका शब्दापायी डोळे गेले माझे, आणि मला त्याचं दुःख नाही.”

त्या बोलण्यात ढोंग नव्हतं. त्यांनी बोटाने हवेत जणू चिठ्ठ्या उलटत एकेक अर्थ सांगितला, तेव्हा आत्यालाही क्षणभर वाटलं की एका शब्दावर एवढा जीव लावणारा माणूस वाईट कसा असेल?

“मग एवढं सगळं घाणीत गेलं,” ती म्हणाली, “तरी तुम्हाला राग नाही आला तिचा?”

“रागावून काय होणार? बिचारी अडाणी.”

बोलता बोलता त्यांनी चळतीतली एक चिठ्ठी उचलली, वाचली, मान हलवली. चिठ्ठीचा वरचा उजवा कोपरा बाजूच्या दातांखाली धरला, कचकन तोडला आणि तो ओला तुकडा बशीत थुंकला.

आत्याच्या हाताची बोटं आपोआप आक्रसली. सकाळपासून ती कसल्या चिठ्ठ्या चिवडत होती, ते आता तिला कळलं. माशांची डोकी परवडली, असं तिला वाटलं.

“सवय हो,” गुरुजी हसले. “कात्री शोधण्यात वेळ जातो.”

“चालू द्या,” आत्या म्हणाली आणि खोलीबाहेर पडून थेट मोरीवर गेली. तिने हात धुतले. मग पुन्हा धुतले. तिसऱ्यांदा साबण लावताना ती एकदम थांबली, ओले हात तसेच घेऊन जिना उतरली आणि वर्तमानपत्रावरच्या चिठ्ठ्यांपुढे उकिडवी बसली.

“मावशी, पिंपात अजून काही राहिलंय?”

“तळ लागला, बाई. हे एवढंच होतं.”

आत्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक चिठ्ठीचा कोपरा बोटाने चाचपला. तिला हवं होतं ते त्यात नव्हतं, आणि नव्हतं म्हणूनच तिला उत्तर मिळालं.

५

दुपार कलल्यावर सगळे वर मोठ्या खोलीत जमले. मावशीला आत्याने बोलावलं, तर ती दाराबाहेरच उभी राहिली. अंगाला वास येतोय, म्हणाली. डॉक्टरने खिडकी उघडली. त्यावर आत्याने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ती पुन्हा अर्धी लावली.

“पिंपातल्या प्रत्येक चिठ्ठीचा कोपरा तोडलेला आहे,” आत्याने सुरुवात केली. “म्हणजे पिंपात गेल्या त्या फक्त टाकाऊ चिठ्ठ्या. चांगल्या चिठ्ठ्या तिथे गेल्याच नाहीत.”

“काय?” भाचा उडालाच. “मग आहेत कुठे त्या?”

“दम धर. आधी हे बघ की मावशीने रद्दी समजून खण उपडा केला असता तर सगळ्याच गेल्या असत्या. रद्दी टाकणारं माणूस निवडत बसत नाही. कुणीतरी खण समोर घेऊन शांतपणे चांगल्या चिठ्ठ्या बाजूला काढल्या आणि उरलेल्या उष्ट्यात कालवल्या. लोक किळसेने जवळ येणार नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि तसंच झालं. चिठ्ठ्यांतलं ज्यांना कळतं ते गॅलरीतून नाहीतर लांबून बघत राहिले, आणि जो पिंपाशी उभा होता त्या माझ्या भाच्याला कोपऱ्यातलं ओ की ठो कळत नाही.”

“म्हणजे चांगल्या चिठ्ठ्या चोरल्या!” भाच्याने टायपिस्टकडे बोट केलं. “दुसऱ्या प्रकाशनात चाललीय ही, आत्या, तूच म्हणालीस मघाशी! कालच राजीनामा दिलाय! चांगला माल तिकडे, टाकाऊ पिंपात!”

“मी नाही हो!” टायपिस्टला रडू फुटलं. “या डॉक्टरांना विचारा, खण तर काल त्यांच्याच ताब्यात होता!”

“माझं नाव घ्यायचं काम नाही!” डॉक्टर ओरडला.

क्षणात खोलीचा मासळीबाजार झाला. गुरुजी तेवढे शांत होते. “मालक,” ते म्हणाले, “कुणावर आळ घेऊ नका. झालं ते झालं.”

“नाही गुरुजी, झालं ते अजून व्हायचंय,” आत्या म्हणाली. तिने टेबलावर तीन चिठ्ठ्या ठेवल्या. एक पिंपातली, कोपरा दाताने तोडलेली. दुसरा डॉक्टरने कात्रीने कापून दाखवलेला कागद. तिसरी अख्खी. “काल संध्याकाळी त्या खणात तीन प्रकार होते. अख्ख्या चिठ्ठ्या. गुरुजींनी इतक्या वर्षांत दाताने तोडलेल्या. आणि डॉक्टरांनी काल कात्रीने उडवलेल्या, निम्म्याहून जास्त. बरोबर?”

डॉक्टरने मान हलवली.

“टायपिस्टने चोरी केली असती तर तिने अख्ख्या घेतल्या असत्या. कोपरा गेलेली चिठ्ठी तिच्या लेखी मेलेली, मग तो दाताने जावो की कात्रीने. दोन्ही प्रकार पिंपात दिसले असते. डॉक्टरांनी केली असती तरी तेच. स्वतः कापून टाकलेला माल कोण जपून ठेवतो? पण पिंपात कात्रीचा कोपरा असलेली चिठ्ठी एकही नाही. मी एकूण एक चाचपलीय, या हातांनी.” तिने हात वर केले. “म्हणजे ज्याने निवडलं, त्याने डॉक्टरांनी टाकलेल्या चिठ्ठ्यासुद्धा चांगल्यांत धरल्या. त्याच्या मते डॉक्टरांना त्या टाकायचा अधिकारच नव्हता. टाकाऊ फक्त त्याच, ज्या त्याने स्वतः टाकल्या होत्या.”

सगळ्यांच्या माना हळूहळू एकाच बाजूला वळल्या.

६

“हा तर्क झाला,” गुरुजी म्हणाले. आवाज अजून मऊच होता. “तर्काने काय, कुणालाही चोर ठरवता येतं. चिठ्ठ्या दाखवा.”

“दाखवते.” आत्याने सकाळचा रुमाल पर्समधून काढला आणि सगळ्यांदेखत हुंगला. “डांबरगोळ्या. सकाळी मला वाटलं, पेटीतला रुमाल असेल. पण तुमच्या शर्टाला तो वास नाही, फक्त रुमालाला आहे. म्हणजे या रुमालात गोळ्या बांधून आणल्या होत्या कशासाठी तरी.”

ती भिंतीकडे वळली. खालच्या रांगांतल्या खणांना जुन्या कागदाचा आणि खळीचा वास होता. वरच्या रांगेतले खण छापून झालेल्या शब्दांचे. त्यांच्या चिठ्ठ्या कधीच गोदामात गेल्या होत्या, त्यामुळे ते रिकामे आणि धुळीने माखलेले. तिथे कुणी कशाला बघेल? आत्या स्टुलावर चढली आणि एका टोकापासून हुंगत निघाली. भाच्याला हसावं की लाजावं ते कळेना. धूळ, धूळ, पालीचा वास, धूळ. आणि मग एका खणापाशी ती थांबली. त्याच्या मुठीवरची धूळ पुसलेली होती.

तिने खण ओढला. तो जड होता.

आत चिठ्ठ्या होत्या. ओळीने, क्रमाने, एकही दुमडलेली नाही. खाली नवा पांढरा कागद अंथरलेला, आणि चारही कोपऱ्यांत ताज्या डांबरगोळ्या. बाळंतिणीच्या खोलीतसुद्धा एवढी निगा राखत नाहीत.

डॉक्टर पुढे आला आणि त्याने चिठ्ठ्या चाळल्या. “माझ्या कापलेल्या सगळ्या आहेत,” तो पुटपुटला.

“कापलेल्या नाही, खून केलेल्या!” गुरुजींचा आवाज पहिल्यांदाच चढला. “दोन पानं! ‘सेट’ला दोन पानं! माझ्यासमोर, कात्रीने, गाजर चिरल्यासारखं! मी काय करायला हवं होतं? चार दिवस गडबड झाली असती, मालकांना हळहळ वाटली असती, मग मी म्हटलं असतं, घरी माझी एक प्रत आहे. त्यांनी हात जोडून सगळी छापली असती. मी शब्द वाचवला आहे, बाई. चोरी केलेली नाही.”

“आणि रिकामा खण जिन्याखाली?”

गुरुजी डॉक्टरने विस्कटलेल्या चिठ्ठ्या सरळ करू लागले.

“तो तुम्हालाच बरा सापडला सकाळी,” आत्या म्हणाली.

“तिचं काय गेलं असतं?” ते शेवटी म्हणाले. “झाडू कुठेही मारता येतो. आणि मी माफीही मागितली होती तिच्यासाठी. दोनदा.”

आत्याने आयुष्यात पुष्कळ घाण पाहिली होती. तेलाच्या डब्यात मेलेला उंदीर पाहिला होता, आणि तो काढून तेच तेल गाळून घेणारा माणूसही. पण तो माणूस निदान स्वतःला सज्जन समजत नव्हता.

ती स्टुलावरून उतरली. उतरताना खणातली सगळ्यात पुढची चिठ्ठी तिच्या हातात आली होती. तिचा कोपरा कात्रीने कापलेला होता. आत्याने ती वाचली, आणि खाली बसून पुन्हा वाचली.

७

“मावशी, आत या,” ती म्हणाली.

“वास येतोय, बाई.”

“येऊ दे. इथे आधीच येतोय.”

मावशी आत आली. आत्याने चिठ्ठी मोठ्याने वाचली. “सेट. बोलण्यातला अर्थ: बस्तान बसलेलं असणं, जिवाला स्थैर्य असणं. उदाहरण: ‘माझी गादी, माझी शेगडी, माझं सगळं सेट आहे इथं.’ खाली लिहिलंय, कार्यालयातील मावशींच्या तोंडून.”

मावशीने चिठ्ठीकडे बघितलं. तिला त्यातलं अक्षर लागत नव्हतं, तरी ती बराच वेळ बघत राहिली.

“हे मी बोलले होते,” ती म्हणाली. “लादी पुसताना. गुरुजींनी थांबवून पुन्हा बोलायला लावलं. किती छान बोललात म्हणाले, मावशी.”

“काल मी ती कापली,” डॉक्टर हळूच म्हणाला. “इंग्रजीतला वापर नाही म्हणून.”

“आणि गुरुजींनी वाचवली. तुमचं वाक्य डांबरगोळ्या घालून जपून ठेवलंय, मावशी.” आत्या गुरुजींकडे वळली. “चांगली चिठ्ठी घाणीत टाकायला तुमचा हात धजला नाही. निवडून निवडून बाजूला काढलीत. आणि ज्या बाईच्या तोंडचं ते वाक्य, तिला तिच्या शेगडीसकट उचलून पिंपात टाकलंत. तेव्हा बरा धजला हात?”

गुरुजी त्या चिठ्ठीकडेच बघत राहिले.

भाचा पुढे आला. त्याचा चेहरा उतरला होता. “मावशी, खोली तुमचीच आहे. मी... चुकलं माझं.”

“तुझं नुसतं चुकलं नाही,” आत्या म्हणाली. “तू तिला हातमोजे दिले नाहीस. तुझ्याशी मी घरी बोलेन.”

मावशीने दोघांकडेही पाहिलं नाही. ती गुरुजींसमोर जाऊन उभी राहिली. वासाने त्यांनी नकळत मान मागे घेतली, आणि ते तिने बघितलं.

“सकाळी तुम्ही माझ्यासाठी माफी मागितलीत,” ती म्हणाली. “मला तिचा उपयोग नाही. ती परत घ्या. तुम्हाला लागेल.”

मग ती वळली, आणि वळल्यावर तिचे खांदे एकदम पडले. सकाळपासून तिने पाणीसुद्धा प्यायलं नसावं. आत्याने तिला दंडाला धरून मोरीवर नेलं. पर्समधला साबण काढला आणि तिचे हात आपल्या हातांत घेतले. नखांत माशांची खवलं अडकली होती, कोपरापर्यंत चिकट, आंबूस राड वाळली होती. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी न पिणारी आत्या एकेक बोट, एकेक नख चोळून धूत राहिली. तिला किळस आली नाही. तिचं तिलाच नवल वाटलं.

“राहू दे बाई, मी धुते.”

“गप्प उभी राहा.”

धुऊन झाल्यावर पुसायला काही सापडेना. दारात कुणाची तरी चाहूल लागली. गुरुजी उभे होते. त्यांच्या हातात दुसरा रुमाल होता, पांढरा, नीट घडी घातलेला, आणि तो त्यांनी खाली मान घालून पुढे धरला होता.

मावशीने हात पुढे केला नाही. आत्याने आपल्या साडीचा पदर सोडला आणि तिचे हात त्यात गुंडाळले.

“नको,” ती म्हणाली. “त्याला वास येतोय.”